गेट बंद करून कोण वाचले?

फरीदाबादच्या कुठल्याही सेक्टरात रहिवाशांची सभा भरली की पहिला विषय सुरक्षेचा असतो. आणि ज्या गोष्टींनी या शहरातली माणसे खरोखर मारली, त्यांतली एकही गोष्ट त्या चर्चेत निघत नाही. गेट रात्री किती वाजता लावायचे, कॅमेरे आणखी कुठे बसवायचे, भाजीच्या हातगाडीला आत सोडायचे की नाही, कामवाल्या बायकांची पोलीस पडताळणी कोणी करून घेतलेली नाही, तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू मूळचे कुठले, यावर तास न् तास वाद चालतो. मी या सभांना जाते, बोलते आणि संतापून घरी येते. हा लेख त्या संतापातून लिहिला आहे आणि तो सौम्य करण्याची मला गरज वाटत नाही.

१३ सप्टेंबर २०२४ला शुक्रवार होता. घरोघरी गणपती बसलेले होते. दिवसभर पाऊस कोसळत होता. गुरुग्राममधल्या एका बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक आणि त्यांचे रोखपाल सहकारी काम आटोपून मोठ्या, दणकट गाडीतून ग्रेटर फरीदाबादला घरी निघाले होते. वाटेत ओल्ड फरीदाबादचा रेल्वे अंडरपास लागतो. तो पाण्याने भरलेला होता. गाडी आत गेली, बंद पडली आणि दोघेही बुडून मेले. नदीकाठच्या खेड्यात हे घडलेले नाही. हे भर वस्तीत घडले आणि अशा रस्त्यावर घडले, ज्याने रोज हजारो लोक ये-जा करतात.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लोक काय बोलत होते? ‘एवढे पाणी दिसत असताना गाडी घातलीच कशाला?’ मेलेल्या माणसाला जबाबदार धरले की जिवंत माणसांची सुटका होते, म्हणून हा प्रश्न सगळ्यांना आवडतो. अंधारात, धो-धो पावसात, रस्त्यावर दिवे नसताना, पाणी गुडघाभर आहे की डोक्यावरून जाणारे आहे हे गाडीच्या काचेतून कोणालाही कळत नाही. ते कळावे म्हणून भिंतीवर खोलीच्या खुणा रंगवायच्या असतात, पाणी चढले की रस्ता बंद करणारा आडवा दांडा पडायला हवा असतो, पंप चालू हवा असतो आणि पंपावर माणूस हवा असतो. हा अंडरपास पावसाळ्यात भरतो हे शहरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ठाऊक असूनही कोणी काही केले नाही, तर त्याला अपघात म्हणायला मी तयार नाही.

पाणी तिथेच का साचते हे समजून घ्यायला इंजिनिअर असावे लागत नाही. फरीदाबाद उतारावर वसले आहे. पश्चिमेला अरवलीच्या टेकड्या, पूर्वेला यमुना. टेकड्यांवर पडलेल्या पावसाला यमुनेकडे जायचे असते. त्याच्या वाटेत आपण काय काय आडवे घातले ते पाहा. आधी एनआयटी म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिपची दाट वस्ती, मग दिल्ली-आग्रा रेल्वेचा भराव, मग मथुरा रोड, मग १८७४ साली सुरू झालेला आग्रा कालवा आणि गुडगाव कालवा, आणि आता कालव्यापलीकडे ‘नहरपार’ म्हणून ओळखले जाणारे टॉवरच टॉवर. हे सगळे उत्तर-दक्षिण पसरले आहे, पाण्याला पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचे आहे. जुने ओढे आणि नाले बुजवले, त्यांवर दुकाने उभी राहिली. जी मोजकी भोके उरली त्यांत सगळ्यांत खोल भोक रेल्वेच्या अंडरपासचे. पाणी तिथे गोळा होणारच. आणि माणूसही तिथूनच जाणार, कारण रुळांच्या अलीकडच्या माणसाला पलीकडे जायचे तर वाटा थोड्याच आहेत.

हेच पाणी उन्हाळ्यात कुठे जाते? बडखलचा तलाव १९४७च्या सुमारास बांध घालून तयार केला. एके काळी दिल्लीहून लोक तिथे होडीत बसायला येत. गेली वीस-पंचवीस वर्षे तो कोरडा पडला आहे, कारण त्याच्या पाणलोटातल्या टेकड्या दगडासाठी आणि वाळूसाठी पोखरून काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये आणि पुन्हा २००९मध्ये या टेकड्यांतले खाणकाम थांबवले, पण तोवर खड्डे इतके खोल गेले होते की पावसाचे पाणी तलावापर्यंत पोहोचेना. आता स्मार्ट सिटीच्या पैशातून प्रक्रिया केलेले सांडपाणी आणून तोच तलाव भरायचे चालले आहे. देशभरच्या भूजलाचा हिशेब ठेवणाऱ्या केंद्रीय भूजल मंडळाचे मुख्यालय याच शहरात, एनआयटीच्या चार नंबरात आहे. त्या इमारतीच्या आसपासच्या वस्त्यांत उन्हाळ्यात टँकरमागे रांगा लागतात. पावसाळ्यात बुडायचे आणि उन्हाळ्यात टँकरसाठी भांडायचे, या दोन्हींच्या मागे एकच कारण आहे. पाण्याची वाट ज्यांनी अडवली, विकली आणि अडवू दिली, त्यांना कोणी जाब विचारला नाही.

जाब विचारायचा तरी कोणाला, असे तुम्ही म्हणाल, आणि ती अडचण खरी आहे. रूळ रेल्वेचे. हमरस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. सेक्टर हरियाणा शहरी विकास प्राधिकरणाने पाडलेले, ज्याला सगळे अजून हुडाच म्हणतात. नाले महापालिकेचे, मोठे रस्ते फरीदाबाद महानगर विकास प्राधिकरणाकडे. आग्रा कालवा तर उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्याचा. शहर हरियाणाचे, पण त्याच्या मधोमध वाहणारा कालवा दुसऱ्या राज्याचा. एवढी खाती असताना माणूस बुडाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि कागद फिरत राहतात. पण ही टोलवाटोलवी त्यांना जमते, कारण आपण त्यांच्या दारात जातच नाही. आपण सभेत बसून भाजीवाल्याच्या ओळखपत्रावर ठराव करत असतो.

मुंबईकर वाचकांना २९ ऑगस्ट २०१७ आठवत असेल. त्या दिवशीच्या पावसात एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ पाण्यातून चालत घरी जात असताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. तेव्हाही काही शहाण्यांनी ‘त्या पावसात चालत जायला नको होते’ असे म्हटलेच. पण मुंबईत लोक न्यायालयात गेले, पाठपुरावा करत राहिले, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये द्यावे लागतील. सहा लाखांनी माणूस परत येत नाही, पण खड्डा हा नशिबाचा भाग नसून कोणाची तरी जबाबदारी आहे, एवढे तरी कागदावर आले. आमच्या पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये मोकाट कुत्रे चावल्याबद्दल दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई ठरवली. मला तो निर्णय योग्यच वाटतो. दाताच्या खुणांचा हिशेब करता येतो, तर तुंबलेल्या अंडरपासचाही करता येईल. त्यासाठी मागणारे लोक हवेत.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर तोही संपवते. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली सगळी मोकाट कुत्री उचलायला सांगितली, २२ ऑगस्टला तो आदेश बदलून नसबंदी आणि लसीकरण करून बहुतेकांना परत सोडायला सांगितले. त्या अकरा दिवसांत आमच्या गल्लीत शेजारी एकमेकांशी बोलायचे थांबले. पण नसबंदी केंद्रे किती आहेत, त्यात रोज किती कुत्री घेतात, लस कोण टोचते, हे महापालिकेला विचारायला दोन्ही बाजूंपैकी एकही माणूस गेला नाही.

आता त्या मृत्यूंकडे येते ज्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. ५ ऑक्टोबर २०२२, दसरा. आपल्याकडे ज्या दिवशी हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात, त्याच दिवशी फरीदाबादमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या सांडपाण्याच्या टाकीत चार सफाई कामगार गुदमरून मेले. ते दिल्लीचे होते, त्यांत दोघे सख्खे भाऊ होते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली आणि ही पद्धत पूर्णपणे बंद करायला सांगितले. रुग्णालयात माणसे वाचवायची असतात, प्राणवायूची नळकांडी तिथे भिंतीला लावलेली असतात, आणि त्याच इमारतीच्या पोटात चार जण हवेवाचून मेले.

त्या आठवड्यात आमच्या सभेत या चौघांचे नाव निघाले नाही. दिवाळी जवळ आली होती, म्हणून फटाके कुठे उडवायचे आणि बाहेरची पोरे आत येऊ नयेत यासाठी काय करायचे यावर चर्चा झाली. आणि आमच्या सेक्टरात गटार तुंबले की काय होते? ठेकेदार एका पोराला पाठवतो. गेटवरचा रक्षक त्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि येण्याची वेळ रजिस्टरात लिहून घेतो. मग ते पोर बनियन आणि चड्डीवर झाकण उघडून आत उतरते. कमरेला दोर नाही, तोंडावर मास्क नाही, आधी वायू तपासणे नाही. मी थांबवायला गेले तर मला सांगण्यात आले, ‘मॅडम, ये लोग तो रोज़ का काम करते हैं.’ सुशिक्षित, निवृत्त, पेन्शनवाले लोक होते ते. त्या पोरापासून आपली घरे सुरक्षित राहावीत यासाठी रजिस्टर आहे, पण त्याच्या जिवासाठी शंभर रुपयांचा दोरही कोणी ठेवलेला नाही. माझ्या मते अख्ख्या फरीदाबादची सुरक्षेची कल्पना त्या रजिस्टरात दिसते, आणि ती मला नीच वाटते.

हवेबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये प्रदूषित शहरांची जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात कानपूर पहिले आणि फरीदाबाद दुसरे होते. पीएम २.५ची वर्षाची सरासरी १७२. त्या वेळी संघटनेची मर्यादा १० होती, २०२१मध्ये तिने ती ५वर आणली. गेटला कुलूप लावून ही हवा अडत नाही. नोव्हेंबर उजाडला की आमच्याकडे प्रत्येक घरात मूल खोकते. श्रीमंत घरात एक यंत्र लावून मूल त्या खोलीत कोंडतात. गेटवरचा रक्षक बारा तास उघड्यावर बसतो आणि थंडीत लाकडे किंवा प्लास्टिक पेटवतो. मग कोणीतरी त्याच्यावर ओरडते की तू प्रदूषण करतोस. त्याला विजेचा हीटर द्यावा असे मी सुचवले तेव्हा खर्चाचा प्रश्न आला. कॅमेऱ्याच्या वेळी तो प्रश्न आला नव्हता.

आता ‘बाहर वाले’. आमच्या प्रत्येक चर्चेचा शेवट इथे होतो. चोरी झाली, बाहर वाले. कचरा पडला, बाहर वाले. गर्दी वाढली, बाहर वाले. हे ऐकताना मला प्रत्येक वेळी या शहराचा जन्म आठवतो, कारण तो मी वाचला आहे आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, कोहाट, डेरा इस्माइल खान इथून उद्ध्वस्त होऊन आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांसाठी १९४९-५०मध्ये इथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली. फरीदाबाद विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते, कारभार सुधीर घोष पाहत होते, नेहरू स्वतः लक्ष घालत होते, कमलादेवी चट्टोपाध्यायांची इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन कामाला लागली होती. या निर्वासितांनी ठेकेदाराच्या हाताखाली मजुरी करण्याऐवजी सहकारी संस्था काढल्या आणि आपली घरे आपल्या हातांनी बांधली. व्यापारी आणि दुकानदार घरांतल्या माणसांनी विटा वाहिल्या. लक्ष्मीचंद जैन त्या कामात होते आणि त्यांनी त्याच्यावर पुढे पुस्तक लिहिले. आज आपण एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर म्हणतो ते त्यांचेच मोहल्ले. इथल्या सरकारी इस्पितळाला त्यांनी बादशाह खान यांचे नाव दिले, कारण सरहद्दीवरचा तो माणूस त्यांना आपला वाटत होता. हे शहर बाहेरून आलेल्या, कागद नसलेल्या, खिशात काही नसलेल्या माणसांनी वसवले. पुढे बाटा, एस्कॉर्ट्स, गुडइयर इथे आले आणि त्यांच्या मागोमाग देशभरातून कामगार, फोरमन, इंजिनिअर आले. आमच्यासारखी मराठी कुटुंबेही त्यातच आली. आम्हीही बाहेरचेच. ज्यांचे आजोबा तंबूत राहिले, त्यांचे नातू भाडेकरूला विचारतात की तू कुठला आणि तुझ्याकडे पुरावा काय.

आणि या शहराने बाहेरच्यांचे केले काय ते खोरीत पाहायला मिळाले. सूरजकुंडाजवळ, दिल्लीच्या सीमेला लागून खोरी गाव होते. अरवलीत खाणी चालू असताना दगड फोडणारे मजूर तिथे राहू लागले. खाणी बंद झाल्यावर घरकाम, रिक्षा, बांधकाम करणारे लोक दलालांकडून तुकडे विकत घेऊन राहू लागले. ७ जून २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने ही जंगलजमीन सहा आठवड्यांत मोकळी करायला सांगितली. सुमारे दहा हजार घरे होती. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. जुलैत, भर पावसात बुलडोझर चालले. पुनर्वसन म्हणून डबुआ कॉलनीतली अनेक वर्षे रिकामी पडून मोडकळीला आलेली घरे दाखवण्यात आली, तीही अटींत बसणाऱ्यांनाच आणि हप्त्यांवर.

अरवलीचे जंगल वाचले पाहिजे, यात मला तिळमात्र शंका नाही. मांगर बनीसारखे देवराईचे रान या शहराच्या कुशीत आहे आणि ते तुटले तर इथे श्वास घेता येणार नाही. पण त्याच जंगलजमिनीवर कांत एन्क्लेव्ह नावाची बंगल्यांची वसाहत होती. तिच्याबद्दल सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडण्याचाच हुकूम दिला, पण घर बांधलेल्या प्रत्येकाला पन्नास लाख रुपये भरपाईही ठरवली. त्या लोकांकडे सरकारी परवानग्यांचे कागद होते, हे मान्य. खोरीच्या लोकांकडे दलालाने दिलेला कागद होता, आणि ती दलाली सरकारच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालली होती. सरकारने फसवले तर भरपाई आणि सरकारच्या नाकाखाली दलालाने फसवले तर रस्ता, हा न्याय मला पटत नाही. सूरजकुंड रोडवरचे लग्नाचे हॉल आणि फार्महाउस पाडायला यंत्रणेला जी वर्षे लागली, ती वर्षे खोरीला का मिळाली नाहीत? आमच्या सेक्टरातल्या कित्येक घरांत काम करणाऱ्या बायका अशाच वस्त्यांतल्या होत्या. घर पडल्याच्या आठवड्यात त्या कामावर आल्या नाहीत म्हणून बदल्यात दुसरी बाई शोधली गेली. पुन्हा नव्या बाईची पडताळणी.

यावर मला नेहमी दिले जाणारे उत्तर मी ऐकले आहे आणि ते टाळणार नाही. ‘आणि स्फोटके? नोव्हेंबर २०२५ विसरलात?’ विसरले नाही. या जिल्ह्यात धौज आणि फतेहपूर तगा इथल्या भाड्याच्या खोल्यांतून सुमारे २,९०० किलो स्फोटक साहित्य सापडले, आणि १० नोव्हेंबरला लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट होऊन माणसे मेली. त्या दिवसांत मलाही झोप लागली नाही. भाडेकरूची नोंद पोलिसांकडे असलीच पाहिजे, हे मी सभेत सांगितले आहे. पण आरोपी म्हणून ज्यांना धरले त्यांत डॉक्टर होते, वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी करणारे, पदवी, ओळखपत्र, पगाराची पावती सगळे असलेले. आमच्या गेटवर ते आले असते तर रक्षकाने सलाम ठोकून आत सोडले असते. त्यांचा माग पोलिसांच्या तपासाने लागला, जम्मू-काश्मीरपासून धागा पकडून. तो माग लागल्यावर आमच्याकडे काय झाले? भांडी घासणाऱ्या बायकांची ओळखपत्रे पुन्हा तपासली गेली.

शहरात हिंसा नाही असे मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये बल्लभगडला कॉलेजच्या बाहेर भरदिवसा एका विद्यार्थिनीला गोळी घातली. गोळी घालणाऱ्याविरुद्ध २०१८मध्ये अपहरणाची तक्रार झाली होती आणि ती समझोत्यावर मिटवली गेली होती. तेव्हा पोलिसांनी ती धसास लावली असती तर ती मुलगी आज कुठे असती, या प्रश्नावर शहराने आवाज उठवायला हवा होता. चर्चा मात्र धर्मावर गेली आणि तिथेच राहिली. ऑगस्ट २०२४मध्ये बारावीत शिकणाऱ्या एका मुलाला स्वतःला गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी गाडीचा पाठलाग करून महामार्गावर गोळ्या घातल्या. त्यांना तो गोतस्कर वाटला. मारणारे बाहेरचे नव्हते. परक्यांवर पाळत ठेवणे हेच आपले कर्तव्य, असे ज्यांना वाटत होते त्यांनीच हे केले. प्रत्येक अनोळखी माणूस संशयित, हे आपण सभेत सभ्य भाषेत शिकवतो आणि रात्रीच्या रस्त्यावर तेच बंदुकीने अमलात येते. माझ्या या वाक्यावर आमच्या सभेत गोंधळ झाला. मी ते मागे घेतले नाही, घेणारही नाही.

चार मजल्यांच्या वादातही तेच. हरियाणा सरकारने खाली पार्किंग आणि वर चार मजले अशा घरांना आधी परवानगी दिली, २०२३मध्ये ती थांबवली, राघवेंद्र राव समितीकडून अहवाल घेतला आणि जुलै २०२४मध्ये अटींसह पुन्हा दिली. आमच्या सेक्टरात या घरांविरुद्ध मोर्चे निघाले. पण घोषणा होती, ‘ऐरेगैरे’ लोक राहायला येतील. दोन मजल्यांसाठी टाकलेल्या गटाराच्या नळ्या चार मजल्यांचे सांडपाणी कसे पेलणार, पाण्याचा दाब कुठून येणार, आगीचा बंब गल्लीत वळणार कसा, हे खरे मुद्दे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला गेले. आता घरे उभी आहेत, गटारे वर येत आहेत, आणि तुंबलेले उपसायला तेच बनियनवाले पोर उतरते.

हे सगळे चालू असताना शहराला नगरसेवक नव्हते, हे किती जणांच्या लक्षात होते? फरीदाबाद महापालिकेची निवडणूक जानेवारी २०१७मध्ये झाली. मुदत २०२२च्या सुरुवातीला संपली. पुढची निवडणूक २ मार्च २०२५ला झाली. मधली तीन वर्षे अधिकाऱ्यांनी कारभार चालवला. दसऱ्याला चार कामगार मेले तेव्हा नगरसेवक नव्हता. अंडरपासमध्ये दोघे बुडाले तेव्हाही नव्हता. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. त्यांच्या महापालिका मार्च २०२२पासून जानेवारी २०२६पर्यंत प्रशासकाच्या हाती होत्या. आमच्याकडच्या त्या तीन वर्षांत आमच्या रहिवासी संघटनेने निवडणूक घ्या म्हणून एक साधे पत्रही लिहिले नाही. उलट मी ऐकले, ‘अच्छा है, नेता लोग नहीं हैं.’ आणि त्याच सुमारास आमच्याकडे रक्षकांची संख्या वाढली, वर्गणी वाढली, दुसरे गेट आले. सार्वजनिक व्यवस्था ढासळू द्यायची आणि आपल्यापुरती विकत घ्यायची, हे या शहरातल्या मध्यमवर्गाने ठरवून केले आहे. पाण्याला खासगी टँकर, विजेला जनरेटर, हवेला यंत्र, भीतीला रक्षक. अंडरपास मात्र विकत घेता येत नाही. दणकट गाडी असूनही ते दोघे त्यातून बाहेर आले नाहीत.

नव्या नगरसेवकांना आणि महापौरांना आता सबब नाही. मी आमच्या संघटनेला लेखी दिले आहे की पुढच्या सभेत सुरक्षा या मथळ्याखाली मला काय हवे आहे. ओल्ड फरीदाबादच्या अंडरपासमध्ये पाण्याच्या खोलीच्या खुणा, आडवा दांडा, पंप, आणि त्या पंपाला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन क्रमांक दोन्ही तोंडांशी लावलेला, जून उजाडण्याआधी. सेक्टरातले गटार फक्त यंत्राने साफ होईल आणि माणूस उतरवणाऱ्या ठेकेदारावर संघटना स्वतः गुन्हा नोंदवेल, असा ठराव. मेट्रो स्टेशनपासून सेक्टरापर्यंतचे बंद दिवे मोजून त्यांची यादी महापालिकेला, दर महिन्याला. गेटवरच्या रक्षकाला थंडीत हीटर आणि आठ तासांची पाळी. कामवाल्या बायकांना सेक्टरात वापरता येईल असे एक स्वच्छतागृह, कारण सहा घरांची धुणीभांडी करणाऱ्या बाईला आज एकाही घरात संडास वापरू देत नाहीत. पाणी तुंबते त्या नाल्यावर कोणाकोणाचे बांधकाम आहे त्याची माहिती अधिकाराखाली मागणी. त्यात आमच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची घरे निघाली तरी ती जाहीर करायची.

संघटनेच्या प्रधानजींनी, म्हणजे अध्यक्षांनी, हा कागद वाचून ‘यह सुरक्षा का विषय नहीं है’ असे सांगितले. मग मी त्यांना अंडरपासची तारीख सांगितली, दसऱ्याची तारीख सांगितली आणि विचारले की गेल्या दहा वर्षांत आमच्या सेक्टरात भाजीवाल्याने किंवा कामवालीने किती माणसे मारली. त्यांनी उत्तर दिले नाही. कॅमेऱ्यांसाठी नवी वर्गणी जाहीर झाली आहे. माझ्या कागदातले किमान पहिले दोन विषय कार्यक्रमपत्रिकेवर येईपर्यंत मी ती भरणार नाही, आणि माझ्या ओळीतल्या तीन घरांनीही न भरायचे ठरवले आहे.